वेगळेपणाचा रकाना

"आक्का, इथं काय लिहू? 'आपल्या संस्थेचे वेगळेपण'..."

"तुला काय वाटतं?"

"'पंचक्रोशीत असे काम दुसरे कोणीही करत नाही.' हे वाक्य असलं की अर्ज परत येत नाही. माझा अनुभव आहे."

अनुभव होताच. वैजनाथ समाजकार्याची पदवी घेऊन आला होता आणि त्याचा एकही अर्ज आजवर फेटाळला गेला नव्हता. हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. आताही त्याने ते वाक्य लिहूनच टाकलं.

आक्का निवृत्त नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना डोक्याकडून वर होणाऱ्या कॉट त्या फुकट वापरायला द्यायच्या. होत्या आठ, आठही बाहेर. अनुदान मिळालं तर वीस नव्या येणार होत्या. पण ते तालुक्यात एकाच संस्थेला मिळणार होतं आणि आज शेवटचा दिवस होता.

तेवढ्यात दारात एक माणूस आला.

"आक्का, वडलांच्या पाठीला जखमा झाल्यात. कॉट पायजे हुती."

आक्कांनी फोन लावला.

"हारुणभाई, एखादी मोकळी आहे?... मोडलेली?... अहो, आधी जेवून घ्या... बरं, बरं."

मग त्या माणसाला म्हणाल्या, "नदीपलीकडं जा. ग्रीलचं दुकान. तासाभरात जोडून देतील."

माणूस धावतच गेला.

वैजनाथने विचारलं, "हे हारुणभाई कोण?"

"हारुण शिकलगार. कॉट देतात. आपल्या आधीपासून."

"त्यांनी अर्ज केलाय?"

"त्यांना कुठला वेळ?"

वैजनाथने पुन्हा पेन उचललं.

मग त्याने ते वाक्य खोडलं. चांगलं लिहिणाऱ्याला स्वतःचं वाक्य खोडणं किती जिवावर येतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं.

"आता काय लिहू?"

"आत्ता पाहिलंस ते."

तो लिहू लागला. नदीपलीकडचं दुकान, मोडकी कॉट, राहिलेलं जेवण. हात चांगलाच होता, रकाना भराभर भरला. शेवटच्या ओळीला मात्र तो दचकून थांबला.

"आक्का... हे वाचलं तर ते अनुदान हारुणभाईंनाच देतील!"

आक्कांनी चष्मा लावला. कागद हातात घेऊन सावकाश वाचला. दोनदा वाचला...

"मग पत्ता नीट लिही. त्या गल्लीत शिकलगारांची तीन घरं आहेत."