कावळ्याचा अंदाज

तेलाचं गलबत खाडीत शिरलं की त्याची घंटा घणघणायची. तो आवाज मी फार लहानपणी ऐकला. ही गोष्ट त्याच्याही आधीची.

धक्क्यावर एक थकलेलं कासव पिंपातलं रॉकेल वाटायचं. रीत एकच होती, ज्याने त्याने एका दिव्यापुरतं न्यावं. एकदा कावळा दर्यापार फिरून आला आणि म्हणाला, “तिकडच्या तेलाच्या विहिरी आटतायत. बघाच, इथलं तेल आता संपणार!”

झालं. ससे, कोल्हे, माकडं, सगळ्यांनी घागरी भरून नेल्या. “अरे, परवा गलबत येतंय,” असं कासव सांगत राहिलं. कोणी ऐकलं नाही.

संध्याकाळी साळूबाई साळिंदरीण वाटी घेऊन आली. तिचं पिल्लू तापानं फणफणलं होतं आणि अंधारात तिला त्याचं तोंडही दिसत नव्हतं.

“कासवदादा, वातीपुरतं तरी द्या.”

पिंप कोरडं होतं.

कावळा वरून ओरडला, “काय म्हातारबा! चुकला का माझा अंदाज?”

“तू बोललास म्हणून संपलं रे,” कासव म्हणालं. “घराघरात घागरी भरून ठेवल्यात.”

“ते असू दे. बरोबर आला की नाही, ते सांग.”

साळूबाईने दोघांकडे पाहिलं, रिकामी वाटी पदराखाली घेतली आणि चालू लागली.