वाऱ्याच्या उजव्या हाताला

फार पूर्वी, होकायंत्र कोणी पाहिलंही नव्हतं त्या काळी, समुद्रकाठच्या एका गावात लडकू नावाचा तांडेल राहत होता. गावच्या साऱ्या होड्यांचा तो म्होरक्या. त्याने हात वर केला की शिडं वर चढत.

लडकूच्या बापाने त्याला एक गोष्ट शिकवली होती. "पोरा, ऊन कुठे जास्त पडतं, कुठे कमी, त्यातून वारा उठतो. वारा पाण्याला ढकलतो. पण खालची पृथ्वी फिरते आहे, म्हणून आपल्याकडे पाणी वाऱ्यामागे सरळ जात नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा. पाणी तुझ्या उजव्या हाताकडे वळतं."

सुटलेल्या जाळ्यांमागे जाऊन लडकूने हे पारखून पाहिलं होतं. पण गावात बोललं की लोक हसायचे. "पृथ्वी फिरते? मग चुलीवरची हंडी कशी पडत नाही रे?" तेव्हापासून तो घराबाहेर हे बोलत नसे.

एकदा जमिनीकडून सोसाट्याचा वारा सुटला. लडकूचा धाकटा भाऊ पोसू एकटाच समुद्रात होता. मागाहून परतलेल्यांनी सांगितलं, "पोसूची डोलकाठी मोडली. होडी पाण्याने भरलीय, नुसते काठ वर दिसत होते. लाटांमुळे जवळ जाता आलं नाही."

सकाळी सारा गाव किनाऱ्यावर जमला. "सरळ मावळतीला चला! वारा तिकडेच गेलाय," सगळे ओरडत होते.

पोसूची बायको चांगुणा लडकूपुढे आली. "भाऊजी, तुम्हीच घरी ह्यांना सांगत होतात, पाणी वाऱ्याच्या उजवीकडे जातं म्हणून. भरलेल्या होडीला वारा काय धरणार? ती पाण्याबरोबरच जाईल. मावळतीकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला. तिकडच्या खडकाकडे चला ना."

ती खरं बोलत होती, हे लडकूला कळत होतं. पण उत्तरेला गेलो आणि पोसू सापडला नाही, तर? गाव म्हणेल, बापाच्या खुळापायी ह्याने सख्खा भाऊ घालवला. सगळ्यांबरोबर चुकलो, तर एकट्याला कोण बोल लावणार?

"मावळतीला," तो म्हणाला.

"निदान एक होडी तरी तिकडे धाडा!"

"चांगुणे, वाद घालू नकोस."

कित्येक दिवस होड्या मावळतीला फिरल्या. हाका मारून गळे बसले. शेवटी गावाने आशा सोडली, तेव्हा लडकूने कुणाला न सांगता होडी उत्तरेला वळवली. चांगुणा आपणहून होडीत येऊन बसली.

खडकाच्या कपारीत पोसूची होडी अडकली होती. वल्ह्याला मुंडासं बांधून त्याने ते उभं केलं होतं. भोवती फोडलेल्या कालवांच्या शिंपल्या पडल्या होत्या. सावलीत पोसू निजल्यासारखा पडला होता. श्वास थांबला होता, पण अंग अजून ताठलंही नव्हतं.

चांगुणेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "म्हणजे काल आलो असतो तरी…" एवढंच ती म्हणाली.

गावात त्याला कोणीच बोल लावला नाही. जो तो येऊन म्हणे, "तुझा काय दोष? आम्हीही मावळतीलाच गेलो होतो." ते ऐकवेना, म्हणून त्याने दाराबाहेर बसणंच सोडलं.

तात्पर्य: ठाऊक असूनही जो चारचौघांच्या भीतीने गप्प राहतो, तो दोषातून सुटतो, पण ज्याला वाचवायचं होतं तो मात्र परत येत नाही.