एक्केचाळीस शिंगं

"शत्रू नाहीत, तर मग रोज दिवस मावळताना ते डोंगरातले लोक शिंगं का फुंकतात, बाबा?"

अरिंजय उभ्यानेच विचारत होता. बस म्हटलं तरी तो बसला नव्हता.

बुऱ्हानबाबा दगडावर कांदा फोडत होते. खिंडीच्या माथ्यावर त्यांची झोपडी. एक चूल, एक घोंगडी, दारापुढे थोडी सपाट जागा. अलीकडे जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य, पलीकडे छोटी छोटी डोंगरी राज्यं. फकीर होण्याआधी बाबा राजधानीत सरदारांची मुलं शिकवत. अरिंजयने पहिलं अक्षर त्यांच्याकडेच गिरवलं होतं.

पुढे सात वर्षं तो समुद्रापार शिकला. परतला तेव्हा साम्राज्याच्या साऱ्या सीमांचा कारभार त्याच्या हाती आला.

"किती मोजलीस?" बाबांनी विचारलं.

"एक्केचाळीस. आमच्या हेरांनी तीन महिने मोजली. पहिलं वाजतं, मग दुसरं, मग तिसरं… डोंगरामागून डोंगर. ही फौजेची खूण आहे."

"हेर वर चढले होते?"

"खालून ऐकलं त्यांनी."

"हं… चढ अवघड आहे खरा."

अरिंजयच्या मागे उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकी एकाला हसू आलं. ते त्याने खोकल्यात दडवलं.

"थट्टा नको, बाबा. आम्हाला आठ सीमा आहेत. उत्तरेला ज्यांना आम्ही तलवारी दिल्या, त्यांनी त्या आमच्यावरच उगारल्या. पश्चिमेची बंदरं आमच्या गलबतांना पाणी देईनात. पूर्वेचे मित्र तहावर सही करतात आणि पाठ वळली की हसतात. दक्षिणेचं तर विचारूच नका."

"एवढं मोठं राज्य… झोप लागते का रे तुला?"

अरिंजय ताठ होऊन म्हणाला, "म्हणून तर आम्ही जागे असतो. पहाटे राजधानीत नौबत झडते, तिच्या पाठोपाठ प्रत्येक ठाण्यावर झडते. आठही सीमांना कळतं, साम्राज्य जागं आहे."

"ऐकून ते काय म्हणतात?"

"म्हणतील काय? ऐकतात."

बाबांनी कांद्याची एक पाकळी त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली. बाबांनी ती स्वतःच खाल्ली.

अरिंजयने पिशवीतून एक कागद काढला.

"पायथ्याशी तीन हजार घोडेस्वार उभे आहेत. सम्राट म्हणाले, तू स्वतः वर जा. स्वतःच्या कानांनी शिंगं ऐक. ऐकलीस, तर यावर मोहोर लाव. पहाटे स्वार खिंड ओलांडतील. पलीकडे एकही वस्ती उरणार नाही."

"आणि नाही ऐकलीस तर?"

"एक्केचाळीस शिंगं कुठे जाणार आहेत, बाबा?"

सूर्य कड्याला टेकला होता. बाबा उठले. झोपडीत गेले आणि बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात एक काळं, वाकडं, जुनं शिंग होतं.

अरिंजयला क्षणभर समजलंच नाही.

"हे… तुमचं?"

"पहिलं माझं. बाकीची चाळीस त्याला उत्तर देतात."

अरिंजयचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, आपल्या मुलखात याला फितुरी म्हणतात. याची शिक्षा तुम्हीच आम्हाला शिकवली होती."

"शिकवली होती खरी. तू पाठांतरात पहिला होतास." बाबांनी दोन्ही हातांनी शिंग पुढे केलं. "घे. जप्त कर."

त्याने ते घेतलं. त्याने शिंग पिशवीत कोंबलं आणि पिशवीचं तोंड आवळून बांधलं.

सूर्य बुडाला.

खिंडीत काहीच वाजलं नाही.

बाबा चुलीपाशी बसले. लाकडं ओली होती, नुसती धुमसत होती. ते फुंकत राहिले…

बऱ्याच वेळाने दरीपलीकडून एक शिंग वाजलं. आखूड आवाज. मग थांबलं.

"पाहिलंत?" अरिंजय म्हणाला.

पुन्हा वाजलं. आणखी आखूड.

बाबा चूल फुंकत राहिले.

तिसऱ्यांदा वाजलं, ते लांब, थांबेचना. आणि मग दरीपलीकडच्या उतारावर एक मशाल पेटली. दुसरी. दहावी. मशाली खाली पळत सुटल्या.

"हल्ला!" अरिंजय ओरडला. "तलवारी काढा!"

शिपायांनी तलवारी उपसल्या. अरिंजय बाबांच्या पुढे येऊन उभा राहिला. ज्यांना त्याने आत्ताच फितूर म्हटलं होतं, त्यांच्याच पुढे. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

अंधार पुरता पडला होता. माणसं धापा टाकत खिंडीवर चढून आली. चाळीसेक असतील. पुढच्या चौघांच्या खांद्यावर रिकामी डोली होती. कुणाच्या हातात घोंगड्या, कुणाच्या हातात दुधाचा गडू. अर्ध्यांच्या पायांत काही नव्हतं.

तलवारी पाहून सगळे थबकले.

फक्त एक म्हातारी थांबली नाही. ती तलवारीच्या बाजूने अशी गेली, जशी कुणी वाटेतल्या झुडपाच्या बाजूने जातं. तिने बाबांचं मनगट धरलं, नाडी पाहिली आणि कडाडली,

"जिवंत आहेस ना, म्हाताऱ्या? मग फुंकायला काय झालं होतं?"

"पाहुणे आले होते, झुनाबाई."

"पाहुणे! माझे गुडघे मोडले उतरताना. एकोणीस वर्षं रोज फुंकतोस, एक दिवस गप्प बसलास… आम्ही डोली घेऊन आलो!" मग तिने अरिंजयकडे पाहिलं. "आणि हा कोण? हा थरथरतोय का? ताप आहे का याला?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. एकाच्या हातातली घोंगडी ओढून घेतली आणि साम्राज्याच्या सीमाधिकाऱ्याच्या खांद्यावर टाकली.

"आजी," अरिंजय म्हणाला. "बाबा तर आमच्या मुलखातले. मग तुम्ही…"

"बर्फात माणूस पुरला गेला की तो कोणत्या मुलखातला हे वरून दिसतं का, पोरा? दिवस मावळला की ज्याने त्याने फुंकायचं. आहे मी, एवढंच सांगायचं. एखादं वाजलं नाही की निघायचं. कोण, कुठला, ते तिथे गेल्यावर बघायचं." ती वळली. "दूध तापवा रे कुणीतरी."

तेवढ्यात डोलीवाल्यांपैकी एकाने मागे बोट दाखवलं.

अरिंजयने पाहिलं.

दरीपलीकडच्या डोंगरामागच्या डोंगरावर मशाली होत्या. त्यामागच्या कड्यावरही. त्याही मागे, जिथे नकाशा संपत होता तिथे, ठिणगीएवढे उजेड हळूहळू खाली उतरत होते. सगळे इकडेच निघाले होते. त्याने मोजायला सुरुवात केली… एक्केचाळीसच्या कधीच पुढे गेले. त्याचं मोजणं थांबलं. तोंड उघडं राहिलं. सात वर्षांत त्याने जगातल्या सगळ्या फौजांचे आकडे पाठ केले होते. एका म्हाताऱ्या फकिरासाठी अंधारात चालत येणाऱ्या डोंगररांगा त्याला कुणी शिकवल्या नव्हत्या.

शिपायांच्या तलवारी कधी म्यानात गेल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

"शिंग दे," बाबा म्हणाले. "बिचारे उगाच चालत राहतील."

त्याने पिशवीची गाठ ओढली. ती आणखीच आवळली. झुनाबाईने गाठ सोडवली.

बाबांनी शिंग फुंकलं.

आवाज दरी ओलांडून गेला. पहिल्या कड्याने उत्तर दिलं. मग दुसऱ्याने. मग उत्तरं दूर दूर जात राहिली, अगदी ऐकू येईनाशी होईपर्यंत… आणि तिथून एकेक उजेड मागे वळला.

चुलीतली लाकडं अजून धुमसतच होती. दूध गारच होतं. अरिंजय चुलीपुढे गुडघ्यांवर बसला. पिशवीतला कागद काढला. मोहोरेची जागा कोरी होती. त्याने तो कागद ओल्या लाकडांखाली सारला.

जाळ धरला.

दूध तापलं. झुनाबाईने पहिला पेला त्यालाच दिला. तो प्यायला. माणसं आली तशी कुरबुरत, हसत, रिकामी डोली घेऊन उताराला लागली.

रिकामा पेला त्याने चुलीपाशी ठेवला.

"बाबा…"

"हं."

"सम्राट विचारतील. मी काय सांगू?"

बाबांनी शिंग घोंगडीच्या टोकाने पुसलं. खुंटीला अडकवलं.

"सांग, एक दिवस नौबत वाजवू नका… आणि दारात उभे राहून पाहा, कोण येतं."