आपलं की आमचं

एका राज्यात मडक्यात पाणी ठरत नसे. कुंभारानं माती कितीही मळली, भट्टी कितीही तापवली, तरी भांडं भरलं की पाणी तळातून झिरपून जाई. लोक बांबूच्या नळकांड्यांनी पाणी पीत, भोपळ्याच्या तुंब्यांत ते साठवत, आणि पाहुणा आला की ओशाळून हसत.

हा शाप होता. खाडीच्या पलीकडे दुसरं राज्य होतं. दोन्हीकडचे लोक एकमेकांना 'पलीकडचे' म्हणत. चेहरेपट्टी सारखी, भात तोच, चहा तोच, थोरामोठ्यांपुढं कमरेत वाकायची रीतही तीच. पण एके वर्षी पलीकडची गलबतं आली आणि किनाऱ्यावरचं कुंभारांचं अख्खं गाव माणसांसकट उचलून घेऊन गेली. किनाऱ्यावर उघड्यावर उरली ती हालमे नावाची एक म्हातारी कुंभारीण. तिला मंत्र येत होते. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती गलबतांच्या पाठीवर ओरडली,

"नेता काय आमची माणसं? तुमच्या कामाला येणार नाहीत ती! त्यांची पावलं माती होवोत! त्यांचे ओठ माती होवोत! त्यांचे डोळे, त्यांचे कान माती होवोत!"

रागाच्या भरात हात म्हणायचे राहून गेले.

मग ती किनाऱ्याकडे वळली. झाडीत लपलेले आपलेच लोक तिला दिसले. "आणि तुम्ही! ती माणसं परत येईपर्यंत या भूमीतल्या मडक्यात पाणी ठरणार नाही, म्हणजे तुम्ही त्यांना विसरणार नाही. पलीकडचा राजा ज्या दिवशी याच किनाऱ्यावर उभा राहून, आपल्याच भाषेत, 'आमचं चुकलं' म्हणेल, त्या दिवशी शाप सुटेल." एवढं बोलून ती लाटेत विरघळली.

झाडीत लपलेल्यांत मुगाम नावाचं एक लहान पोर होतं. त्याची मोठी बहीण ओरिन त्याला तिथं ढकलून स्वतः पुढं गेली होती, आणि तिलाच नेलं होतं. मुगाम वाढला, शिकला, पलीकडची भाषा त्यानं अशी घोकली की स्वप्नंही तिच्यात पडू लागली, आणि म्हातारपणी तो राजदरबारचा दुभाषा झाला. नावाजलेला पंडित, पण जीव सदा टांगणीला. एक वाक्य बोलून झालं की दुसरा शब्द बरा होता असं त्याला वाटे. तो दुसरा शब्द वापरला असता, तर पहिला बरा वाटला असता.

पलीकडे आता रेनगाकू राजा राज्य करत होता. त्याच्या बापजाद्यांनी धमक्या पाठवल्या, तेव्हा अलीकडच्यांनी तटबंदी उंच केली. रेनगाकूचा मंत्री तोसेकी जादूगार होता. तो म्हणाला, "महाराज, तटावरून गलबत येत नाही. गाणं येतं."

त्यांनी निळ्या पिसांचे बोलके पक्षी सोडले. पक्षी तटावरून उडाले, अंगणातल्या झाडांवर बसले आणि अशी गाणी गायले की चुलीवरचा भात करपला तरी कुणी उठेना. पोरी पलीकडच्यांसारखे केस बांधू लागल्या. पोरं पलीकडचे शब्द बोलण्यात पेरू लागली. पक्ष्यांमागून वाडगे आले, हिरवट झाक असलेले, पानासारखे पातळ, आणि त्यांच्यात पाणी ठरत होतं! लोक रांगा लावून ते नेत, उजेडात धरून म्हणत, "काय गुण आहे हो पलीकडच्यांच्या हाताला!"

मुगामनंही एक वाडगा हातात घेतला. काठाच्या खाली अंगठ्यानं दाबलेली एक खोलगट जागा होती. लहानपणी त्याच्या हातून भांडं निसटायचं, म्हणून ओरिन त्याच्या वाडग्याला अशीच जागा करून द्यायची. म्हणजे ती मातीची होऊन पलीकडे होती, आणि तिचे हात अजून चाकावर फिरत होते. त्यानं तो वाडगा खाली ठेवला आणि त्याच दिवशी राजाकडे जाऊन खाडी ओलांडायची परवानगी मागितली.

"आणणार काय तिथून?" राजानं विचारलं.

"दोन शब्द, महाराज."

"आणा. पण भांडू नका. आमच्या राणीसाहेबांना ते पक्षी फार आवडतात."

रेनगाकू राजा देखणा होता, हसरा होता, आणि समोरचा माणूस आपल्यावर खूष आहे की नाही हे सारखं निरखत होता. त्याच्या महालाच्या ओसरीवर मातीचे पुतळे ओळीनं बसवलेले होते, प्रत्येकापुढं चाक. चेहरे निश्चल, हात तेवढे चाललेले. मुगामनं ओरिनला ओळखलं. ती गेली तेव्हा होती तशीच होती, विशीतली, आणि तिच्यापुढं पिकल्या दाढीचा तिचा धाकटा भाऊ उभा होता.

"पंडित, तुमचे दोन शब्द मी बोलेन," रेनगाकू म्हणाला. "माझ्या तीन अटी."

पहिली अट अशी की अलीकडच्या प्रत्येक घरानं निळा पक्षी पाळावा. मुगामनं दारोदार फिरून ती पुरी केली. अवघड काहीच नव्हतं. निम्म्या घरांत पक्षी होताच.

दुसरी अट अशी की बंदरावरच्या शिळेवर नेलेल्या माणसांची नावं कोरली होती, ती शिळा रेशमी वस्त्रानं झाकावी, कारण येणाऱ्या पाहुण्यांना ती पाहून अवघडल्यासारखं होतं. ही अट मुगामनं स्वतःच्या हातांनी पुरी केली. वस्त्राची गाठ मारताना ओरिनचं नाव बोटांखाली आलं. एक मासेवाली पाठीमागून म्हणाली, "बरं केलंत, आजोबा. किती सुंदर रंग आहे! ते दगडावरचं सारखं वाचून जीव उबगला होता."

तिसरी अट म्हणजे त्यानं राजाला आपली भाषा शिकवावी.

रेनगाकू हुशार शिष्य निघाला. एके दिवशी त्यानं विचारलं, "तुमच्यात 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द कशाला? आमच्याकडे एकच पुरतो."

मुगामचे डोळे चमकले. पंडिताला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. "महाराज, 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तोही आत आला. आणि समोरच्याला मान देऊन बोलायचं, तर त्यालाही 'आपण'च म्हणतात."

कोपऱ्यात बसलेल्या तोसेकीनं मान हलवली. "किती उपयोगी शब्द!" तो म्हणाला. त्या शिकवणीचा आनंद मुगामला घरी पोचेपर्यंत पुरला. मग शंका आली, पण शंका त्याला रोजच येत.

ठरल्या दिवशी रेनगाकूचं गलबत बंदराला लागलं. मातीची माणसंही त्यानं बरोबर आणली होती. किनाऱ्यावर त्यांची ओळ मांडली, पुढं चाकं ठेवली, भोवती फुलं वाहिली. लोकांची ही दाटी झाली. राजा चौथऱ्यावर चढला, कमरेत वाकला आणि स्वच्छ, गोड उच्चारांत म्हणाला,

"खाडीकाठच्या माझ्या मित्रांनो, आपलं चुकलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मासेवाली रडत म्हणाली, "अगं बाई, आपल्या भाषेत बोलला!" अलीकडच्या राजानंही पुढं होऊन त्याचा हात हाती घेतला. पक्षी गाऊ लागले.

मातीची माणसं हलली नाहीत.

मुगाम एकटाच त्यांच्याकडे पाहत होता. आपलं. म्हणजे तुमचं आणि आमचं, दोघांचं. नेणाऱ्याचं आणि नेलेल्याचं. मान देऊन ऐकलं तर नुसतं तुमचंच. आणि हा शब्द त्यानंच, फरक फोडून सांगत, राजाच्या हाती दिला होता.

"महाराज," तो ओरडला, "'आपलं' नव्हे!"

टाळ्या थांबल्या. "पंडित, पुरे," त्याचा राजा दबक्या आवाजात म्हणाला.

"एका शब्दासाठी माणसांची मनं मोडता?" तोसेकी शांतपणे म्हणाला.

"बसा खाली, आजोबा!" गर्दीतून आवाज आला. "सदा रडगाणं! पाहुणा आलाय दारी!"

 खरं काय ते सांगावं, तर सकाळपासून फुलं घेऊन उभे असलेले हे लोक आपल्याला पाण्यात ढकलतील, हे मुगामला दिसत होतं. त्यानं ओरिनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या गालावर खाडीचे तुषार उडून मातीचा काळपट डाग पडला होता. मग त्यानं ओठांवर हसू आणलं. जन्मात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"अहो, रागावता काय?" तो गर्दीला म्हणाला. "शिष्य माझा आहे. इतकं सुंदर बोलला आणि एका शब्दाला घसरला! परदेशी माणूस इथंच पकडला जातो. महाराज, 'आमचं' म्हणायचं असतं. म्हणून दाखवा पाहू, म्हणजे शिकवणारा नापास व्हायचा नाही."

लोक हसले. प्रेमानं हसले. पोरींनी टाळ्यांचा ठेका धरला, "आमचं! आमचं!" मासेवालीही ओरडली, "म्हणा की राजे, जमेल तुम्हाला!" अंगणातल्या गाण्यांनी वेडावलेलं अख्खं बंदर लाडक्या पाहुण्याची चूक लाडानं सुधारू लागलं.

"नको, महाराज," तोसेकी कुजबुजला.

पण रेनगाकूला लोकांचं लाडकं व्हायची सवय जडली होती. एवढे हसरे चेहरे निराश करणं त्याच्या हातून होईना. त्यानं डोक्याला हात लावला, चूक झाल्याचा गोड अभिनय केला आणि मोठ्यानं म्हणाला, "आमचं चुकलं! आता बरोबर?"

बंदर जयजयकारानं दणाणलं. त्या कल्लोळात मातीच्या पावलांना तडे गेले, ओठांवरची पापडी गळाली, डोळ्यांची कवचं फुटली, आणि नेलेली माणसं वाळूवर गुडघे टेकून खोकू लागली. मंत्राला शब्द हवे होते, ते मिळाले. मनाचं त्यात काही म्हटलेलं नव्हतं.

लोकांनी त्यांच्यावरही फुलं उधळली आणि लगेच राजाच्या पालखीमागं धावले. तोसेकी मात्र रिकाम्या चाकांकडे पाहत उभा राहिला.

"मुगाम कुठं आहे?" ओरिननं विचारलं. "लहान आहे तो. झाडीत बसवलाय मी त्याला."

"मीच तो, ताई."

तिनं त्याच्या सुरकुत्यांवरून हात फिरवला. तो हात काम करून करून सालटं निघालेला होता. 

मग राज्यात सगळं पूर्ववत झालं. मडक्यात पाणी ठरू लागलं. ओरिननं जुन्या जागी भट्टी लावली आणि पहिले वाडगे बाजारात नेले. गिऱ्हाइकं ते उलटून पाहत, म्हणत, "बरे आहेत. पण पलीकडच्यांची सर नाही." पलीकडे वाडगे घडवणारं आता कुणी उरलं नव्हतं, तरी गिऱ्हाइकं थांबायला तयार होती.

एका सकाळी ओरिन चाकावर बसली होती. मुगाम शेजारी माती मळत होता, आणि आपण ती फार ओली केली की काय या काळजीत होता. चाक न थांबवता तिनं विचारलं, "त्या दिवशी मी ऐकू लागले तोवर त्याचं बोलून झालं होतं. काय म्हणाला तो?"

"'आमचं चुकलं' म्हणाला."

"मनापासून म्हणाला का रे?"

उभा जन्म मुगामनं एकाचं मन दुसऱ्याच्या भाषेत पोचवलं होतं. त्यानं एक शब्द निवडला, टाकला. दुसरा निवडला, तोही टाकला.

"व्याकरण शुद्ध होतं, ताई," तो म्हणाला.

चाक फिरत राहिलं. तिथला शाप असा सुटला. ऐकणाऱ्यांचे शाप याहून बऱ्या रीतीनं सुटोत.