खुर्चीचा मार

तालुक्याच्या मैदानावर फ्रीस्टाइल कुस्त्यांचा मोठा खेळ लागला होता. सारिका तान्ह्या लेकीचे कान पदराने झाकून बसली होती. शेजारी तिचा नवरा नवनाथ एकेका कुस्तीत खोट काढत होता. "ठोसा लागायच्या आधीच पडला की हा. मघाच्याला तर खुर्ची नुसती चाटून गेली."

हे पोलादी गेंडा नावाच्या पैलवानाने ऐकलं. रिंगमधून खाली उतरून त्याने नवनाथची कॉलर धरली आणि माइकवर गरजला, "खोटं म्हणतोस? चल वर, त्याच खुर्चीने दाखवतो."

लोक शिट्ट्या मारायला लागले. नवनाथ पांढराफटक पडला. सारिका लेकीला सावरत उठली.

"न्या दादा, पण एक सांगा. तुम्ही मघाशी खुर्चीने झोडलेला पैलवान तिकडं गाड्यावर भजी खातोय. आता आमचं माणूस धडधाकट परत आलं, तर लोक म्हणतील मार खोटा. आणि हाडं मोडली, तर म्हणतील, मग त्याची कशी नाही मोडली? यातलं काय म्हणवून घेता?"

सगळ्यांच्या माना गाड्याकडे वळल्या. तो पैलवान भजी हातात धरून लंगडायला लागला.

गेंड्याने कॉलर सोडली, माइक बंद केला आणि हळूच म्हणाला, "ताई, घेऊन जा यांना. आम्हाला अजून दोन कुस्त्या करायच्यात."