शाल पांघरलेलं कार्ड

एका दूध संघाच्या अध्यक्षांना, गुणवंतरावांना, सगळं मोठंच लागायचं. सत्काराची शाल तर त्यांच्या खांद्यावरून उतरायचीच नाही. आपल्या सत्काराचा व्हिडिओ ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळतो म्हणून त्यांनी हातभर लांब, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि दुरुस्तीवाल्या सुलभाला फर्मावलं, "उद्याच्या सभेआधी लाव. बाकी काही बदलायचं नाही. जमलं नाही, तर पुन्हा संघाची पायरी चढू नकोस!"

सुलभाने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत जागा वीतभर, आणि जुन्या पॉवर सप्लायला त्या कार्डाची विजेची खादाडी झेपणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सभेत व्हिडिओ एकदाही न अडखळता चालला. पण अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत ते कार्ड शाल पांघरून, पुढ्यात नारळ घेऊन विराजमान!

"हे बाहेर का?" गुणवंतराव गरजले.

"साहेब, संघाची रीतच पाळली," सुलभा अदबीने म्हणाली. "मोठ्यांना शाल-श्रीफळ देऊन व्यासपीठावर ठेवायचं. आत राबायला एक लहानसं कार्ड घातलंय."

सभासदांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुणवंतरावांनी खांद्यावरची शाल हळूच ओढली आणि मांडीखाली सारली.