शेवंतीची ओळ

भिंतींना रंग द्यायची फॅशन निघायच्या कितीतरी आधी, शेवंती नावाची एक गोगलगाय विहिरीच्या कठड्यावर गोष्टी लिहायची. ती चालली की मागं चमकती ओळ उमटायची, तेच तिचं लिखाण. मुंग्या त्या ओळीवरून चालत चालत वाचायच्या आणि अर्ध्यातच पळून जायच्या. ओळीच्या टोकाला शेवंती मान लांब करून वाट बघत बसलेली असायची. आजवर तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

एक दिवस तिनं एका मुंगळ्याला अडवलं. "काका, गोष्ट आवडली नाही का हो?"

"गोष्ट? अगं बये, नऊ गिरक्या मारल्यास! निघालो तिथंच तीनदा पोचलो. डोकं गरगरतंय माझं."

"नक्षी होती ती. छान दिसते."

"दिसते ना! पण तुला सांगायचं काय होतं?"

शेवंतीची शिंगं आत गेली. ती पुटपुटली, "की इथं सावलीत गार वाटतं, पण एकटीला करमत नाही."

"मग तेवढंच लिही की, शहाणे!" म्हणत काका सटकले.

दुसऱ्या दिवशी तिनं तेवढंच लिहिलं, एकही गिरकी न घेता. ओळ एवढीशीच झाली. शेवंतीला तर लाजच वाटली.

दुपारी एक बारकी मुंगी त्या ओळीवर चढली. अर्ध्यात थांबली. शेवंतीनं श्वास रोखला. मुंगी पुन्हा निघाली आणि थेट शेवंतीच्या तोंडावर येऊन धडकली.

"अय्या, हे तुम्ही लिहिलंत?" ती म्हणाली. "जरा सरका ना, मलाही बसायचंय."